गाडीतली जागा

जर्मनटाउन, ४ सप्टेंबर १७९३

प्रिय अपोलोनियाताई,

पाद्रीबाबा हे पत्र तुला वाचून दाखवतील तेव्हा त्यांना सांग, उघडण्याआधी व्हिनेगरच्या वाफेवर धरा. इथे सगळे तसंच करतात. आम्ही शहराबाहेर आहोत, आम्हाला काही झालेलं नाही, तरी धरा.

फिलाडेल्फियातल्या तापाची बातमी तुमच्या खोऱ्यापर्यंत आली असेलच. धक्क्यावर कुजक्या कॉफीचे ढीग पडले होते, त्यांनी हवा नासवली म्हणतात. कोणी म्हणतं, बेटांवरून जीव घेऊन पळालेल्या फ्रेंच लोकांबरोबर आला. माणूस आधी हुडहुडतो, मग पिवळा पडतो, मग काळं ओकतो. आमच्या एका गल्लीत आठवड्यात अकरा गेले. चर्चच्या घंटा बंद केल्यात, कारण दिवसभर वाजत राहिल्यावर जगणाऱ्यांचा धीर सुटायला लागला. मग एझ्रा म्हणाले, निघायचं.

इथे एका विणकराच्या घरी माडीवरची खोली मिळाली. भाडं विचारू नको. सरकारी कचेऱ्यांना कुलपं लागली, अर्धे कारकून इथेच येऊन पडलेत. एझ्रांना घोर एकच: एक तारखेला कर्जरोख्यांचं व्याज द्यायला खजिन्यात कोणी जिवंत असेल की नाही. "सरकार अजून पाच वर्षांचं नाही आणि डासांच्या एका दलदलीत त्याची पत बुडायची," असं रोज दोनदा म्हणतात.

रेजिना मजेत आहे. ती शहरातल्या घरीच थांबली. तिनेच सांगितलं, "मावशी, मी राहते." मोठी समजूतदार पोर आहे तुझी. पीठ, खारवलेलं मांस, लसणाच्या माळा, सगळं भरून ठेवलंय. सोळाव्या वर्षी हा ताप फारसा धरत नाही असं डॉक्टर सांगतात.

योस्टभावोजींचा पाय कसा आहे? तीन वर्षांत तुझं एकच पत्र आलं, तेही रेजिनाला माझ्याकडे पाठवलीस तेव्हा तिच्या हातून, आणि त्यात नुसती तिच्या कपड्यांची यादी होती. तुला सवड नसते, मला कळतं.

तुझी
सबिना


जर्मनटाउन, २९ सप्टेंबर १७९३

ताई,

आधी बस, मग ऐक. रेजिनाला थोडं बरं नव्हतं. घाबरण्यासारखं आता राहिलेलं नाही. तिच्याजवळ तामार नावाची बाई आहे, काळी आहे पण स्वतंत्र, आमचे कपडे हीच धुते. काळ्या लोकांच्या मंडळाने आजाऱ्यांच्या घरी जायचं पत्करलंय. त्यांना हा ताप होत नाही, असं मोठमोठे डॉक्टर छातीठोक सांगतात, तेव्हा त्यांना भीती नाही.

मी स्वतः शहरात जाऊन आले. एझ्रांचं न ऐकता गेले. गल्लीत गवत उगवलंय. आपल्या घराची खिडकी उघडी होती, पडदा हलत होता, हवा चांगली खेळती होती. दारात तामारने चुना टाकलेला दिसला. घर स्वच्छ आहे.

व्याजाची तारीख दोन दिवसांवर आली, पण भरवसा नाही. एझ्रांना झोप नाही.

सबिना


फिलाडेल्फिया, २१ नोव्हेंबर १७९३

ताई,

हिव पडलं आणि ताप गेला, जसा काही कोणी दिवा फुंकला. आम्ही परतलो. रेजिना पूर्ण बरी आहे. केस गेलेत, ते येतील. देवाची कृपा.

तामार मात्र गेली. रेजिनाला उठून बसवलं, मग पुढच्या घरी गेली, आणि तिथेच तिला लागलं. डॉक्टरांचं म्हणणं चुकलं म्हणायचं.

एक गोष्ट तुझ्या कानावर माझ्याकडूनच यावी. घरातले चांदीचे सहा चमचे नाहीसे झालेत. माझ्या सासूबाईंचे. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून एझ्रांनी वर्तमानपत्रात चार ओळी छापल्या, की तामार नावाच्या परिचारिकेने आजारी पोरीच्या घरात हात मारला. रेजिनाने ते वाचलं आणि पाहुण्यांच्या देखत ओरडली, "खोटं आहे! काका, खोटं आहे हे!" चहाचा कप फुटला. मला सगळ्यांना सांगावं लागलं, की ताप डोक्यात गेला होता, अजून काही महिने ती अशीच वेडंवाकडं बोलेल. डॉक्टर असंच सांगतात.

कार्लाइलकडे जाणाऱ्या गाडीवानाबरोबर तिला पाठवते आहे. तिनेच हट्ट धरला. घरी आल्यावर काही बोलली तर मनाला लावून घेऊ नको. तिला विश्रांती हवी.

तिच्या पेटीत निळं लोकरीचं कापड घातलंय, तुझ्यासाठी.

सबिना


फिलाडेल्फिया, ९ फेब्रुवारी १७९४

ताई,

हे पत्र पाद्रीबाबा वाचणार नाहीत, रेजिना वाचेल. तिला वाचायला मी शिकवलं, या दोन वर्षांत तेवढं एक मी तिच्यासाठी केलं. म्हणून आधी तिला सांगते. रेजिना, एकही ओळ गाळू नको. तू गाळशील, मी ओळखते तुला. तू घरी जाऊन अडीच महिने झाले आणि आईला काही बोलली नाहीस, हे गाडीवानाकडून कळलं मला. माझी लाज राखलीस. आता राखू नको. आहे तसं वाच.

ताई, ती आपणहून राहिली नव्हती.

त्या दिवशी शहरात गाडी मिळत नव्हती. मिळाली ती तिघांची, मोडकी. मी चढले. एझ्रा कर्जरोख्यांची पेटी उचलून घेऊन आला. (त्याला आता अहो-जाहो करवत नाही.)

"पेटी मांडीवर घेऊ की," मी म्हटलं.

"ही? मांडी मोडेल."

"मग पायाशी ठेव."

"पायाशी चिखल येतो. कागद आहेत ते, बटाटे नव्हेत."

रेजिना टोपी बांधून, गाठोडं काखेला मारून दारात उभी होती. त्याने पेटी तिसऱ्या जागेवर ठेवली आणि दोरीने आवळली. मग तिला म्हणाला, "पोरी, तू घर सांभाळ. दोन दिवसांत गाडी परत पाठवतो." तिने माझ्याकडे पाहिलं. मी हातमोजे घालत होते. पाच बोटांचा हातमोजा घालायला एवढा वेळ लागत नाही. शेवटी तीच म्हणाली, "मावशी, मी राहते." शब्द तिचेच आहेत. तुला लिहिले तेव्हा मी स्वतःला तेच समजावलं, की शब्द तर तिचेच.

गाडी परत गेली नाही. गाडीवान दुप्पट मागत होता.

दुसरं. मी शहरात गेले होते हे खरं, पण घरात नाही. तामारने निरोप पाठवला होता: पोर तुमचं नाव घेते, एकदा दिसून जा. मी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. नाकाला व्हिनेगरचा बोळा. तिथून खिडकी दिसत होती, पडदा हलत होता. आत रेजिना ओकत होती, तो आवाज येत होता, आणि मधेमधे तामारचा, "हां, हां, येऊ दे, येऊ दे बाहेर." मी शंभर आकडे मोजायचे ठरवले, की मग जायचं. शंभर झाले. परत एकपासून मोजले. मग मी मागे वळले आणि थेट जर्मनटाउन गाठलं. त्या संध्याकाळी भूक लागली होती मला, ताई. मी दोनदा वाढून घेतलं.

तामार नऊ दिवस तिच्याजवळ होती. हे मला रेजिनाने सांगितलं, जाण्याच्या आदल्या दिवशी, भांडून नव्हे, साधं सांगितलं. रेजिना तिला म्हणाली होती, "तुम्हाला भीती नाही वाटत?" तर तामार हसली, म्हणाली, "डॉक्टर सांगतात, ताप माझा रंग बघून पुढच्या दारी जातो. फार शिकलेला ताप आहे बाई. आमच्या गल्लीत आला तेव्हा मात्र वाचायला विसरला." तिच्या शेजारची दोन माणसं तोवर गेलेली होती. तिला माहीत होतं. माहीत असून ती आमच्या घरात जात होती.

चमचे. चमचे मी घेतले होते. निघायच्या सकाळी झग्याच्या अस्तरात शिवले. एझ्राला काही झालं तर माझ्या हाताशी काहीतरी असावं म्हणून. जर्मनटाउनमध्ये एका सोनाराला विकले आणि पैसे अंगावर ठेवले. परत आल्यावर एझ्राने कपाट उघडलं आणि आरडाओरडा सुरू केला. तेव्हा बोलायचं होतं. मी घाबरले. मग त्याने तामारचं नाव घेतलं आणि मला, लिहायला हात धजत नाही, मला हायसं वाटलं. मनात म्हटलं, ती तर मेली आहे, तिचं आता काय जातं.

जानेवारीत तिचा नवरा आला. सायरस नाव, लाकूड कापायचं काम करतो. मागच्या दाराने आला, पायरी चढला नाही.

"बाई, माझ्या पोरी लोकांचे कपडे धुतात. वर्तमानपत्रात आल्यापासून चार घरांनी कपडे बंद केले. पाचव्या घरी मोजून देतात, मोजून घेतात."

"मला फार वाईट वाटतं," मी म्हटलं.

"तुम्ही एवढंच सांगा, चमचे शेवटचे कधी पाहिलेत?"

"मला आठवत नाही."

"तुमच्या भाचीने मला सांगितलं, तामार असताना कपाट उघडंच होतं आणि त्यात चमचे नव्हते. ती मॅजिस्ट्रेटपुढे सांगायलाही तयार होती. मी तिला घेऊनही गेलो. तर साहेब म्हणाले, हिच्या मावशीनेच गावभर सांगितलंय की हिचं डोकं ठिकाणावर नाही." त्याने हातातली टोपी झटकली. "नऊ दिवस तिने त्या पोरीचं डोकं मांडीवर घेतलं होतं, बाई. ते ठिकाणावर होतं."

टोपी घालून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

म्हणजे ताई, एकच साक्षीदार होती, तुझी लेक, आणि तिची साक्ष मी आधीच मारून ठेवली होती. ती मॅजिस्ट्रेटकडे गेली होती हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या घरात राहून, केस गेलेलं डोकं रुमालात बांधून, ती सायरसबरोबर तिथे जाऊन उभी राहिली आणि माझ्यामुळे परत पाठवली गेली. मग घरी येऊन तिने माझे कपडे इस्त्री केले.

आता सगळ्यात जुनं. हे मी शेवटी ठेवलं, कारण बाकीचं सगळं लिहून झालं तर कदाचित हे लिहावं लागणार नाही असं वाटत होतं.

योस्टभावोजींना स्वातंत्र्याच्या लढाईतल्या पगाराबद्दल जो दोनशे डॉलरचा कागद मिळाला होता, तो विकून टाका असं मी तुला कळवलं होतं. एकोणनव्वदच्या डिसेंबरात. मी लिहिलं होतं, सरकार कंगाल आहे, हे कागद कोणी फेडणार नाही, चूल पेटवायच्या कामाचे आहेत, पण एझ्रा नातं म्हणून पंचवीस डॉलर देतील. तू माझ्या शब्दावर भावोजींना तयार केलंस. त्यांना त्या कागदातून पिंपं बनवायचं स्वतःचं दुकान घ्यायचं होतं, हे मला माहीत होतं. आणि दुसरंही माहीत होतं. न्यूयॉर्कहून एझ्राच्या भागीदाराचा निरोप आलेला होता: खजिना सगळं कर्ज पुरेपूर फेडणार आहे, व्याजासकट, जाहीर व्हायच्या आत खेड्यापाड्यांतले कागद उचला. एझ्रा म्हणाला, "माझं पत्र ते कशाला मानतील? तू लिही." मी त्याच टेबलावर, त्याच्या समोर बसून लिहिलं. तुझ्या मुलांची चौकशीही केली त्यात.

मी नंतर एकदा त्याला बोलले होते. तो म्हणाला, "तुझ्या योस्टने देश मिळवला, आम्ही देशाची पत मिळवली. दोन्ही लागतं." मला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. नवा गालिचा आला होता.

परवा त्याच्या पेटीत तो कागद शोधला. चोरून तुला पाठवणार होते. तो नाहीच. सरकारने जुने कागद जमा करून घेतले आणि नवे दिले, एझ्राच्या नावाचे. ज्यावर भावोजींचं नाव होतं तो कागद आता कुठेच नाही. ते लढले असं सांगणारं त्यांच्या पायाखेरीज काही उरलं नाही.

गुरुवारी मी मॅजिस्ट्रेटकडे गेले. चमचे मी घेतले, मी विकले, तामारने काही घेतलं नाही, माझ्या भाचीचं डोकं शाबूत होतं आणि आहे, असं लिहून सही केली. कारकुनाने दोनदा विचारलं, "बाईसाहेब, नक्की?" तेच वर्तमानपत्रात द्यायला सांगितलं. चमच्यांचे पैसे सायरसच्या घरी नेऊन दिले. त्याने घेतले. मोजले नाहीत, बस म्हणाला नाही. त्याचं बरोबर आहे.

एझ्रा माझ्याशी बोलत नाही. मी स्वयंपाकघरात जेवते. ओळखीच्या बायका रस्ता ओलांडतात, तापाच्या दिवसांत ओलांडायच्या तशा. घर सोडून जाईन असं मनात येतं, पण कुठे, हे तुला कोणत्या तोंडाने विचारू.

सबिना


कार्लाइलच्या पलीकडून, २ मार्च १७९४

मावशी,

आई सांगते आहे ते मी लिहिते. मधे माझं काही आलं तर ते वेगळं समज.

आई म्हणते: सबिना, कागदाचं मला चार वर्षांपासून माहीत आहे. त्याच वसंतात गिरणीवर कोणीतरी वर्तमानपत्र वाचलं. योस्ट घरी आला आणि दिवसभर हातोडा उचलला नाही. मग म्हणाला, "तुझ्या बहिणीला हे माहीत होतं का?" मी म्हटलं, नाही. तुझ्यासाठी खोटं बोलले असं समजू नको. माझी बहीण अशी निघाली, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

आई म्हणते: दोन वर्षांनी घरात पीठ पुरेना, तेव्हा रेजिनाला तुझ्याकडे धाडली. तुला ओळखून धाडली. मला वाटलं, तू मनातून शरमलेली असशील, त्या शरमेपोटी तरी पोरीला नीट ठेवशील. म्हणून कपड्यांच्या यादीखेरीज एक अक्षर लिहायला लावलं नाही, तू शरमलेलीच राहावीस म्हणून. तुझ्या लाजेच्या भरवशावर मी माझी पोर ठेवली. तू तुझं सगळं सांगितलंस. हे मी कोणाला सांगायचं होतं?

इथे आई थांबली. मी चुलीत लाकूड सारलं. बाबा बाहेरच्या बाकावर होते, त्यांनी सगळं ऐकलं. ते आत येऊन बसले.

मावशी, मी एक ओळ गाळली होती. कोपऱ्यावरची, शंभर आकड्यांची. आईने माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, मागे जा. मग वाचली. तू कोपऱ्यापर्यंत आली होतीस हे मला कळलंच नव्हतं गं. मला वाटायचं तुला निरोपच मिळाला नसेल.

आई म्हणते: निळ्या कापडाचा झगा शिवला नाही. तसंच ठेवलंय.

आई म्हणते: तामारला मुली आहेत, त्यांचं काम गेलं, एवढं तू लिहिलंस. सोनाराचं लिहिलंस, गालिच्याचं लिहिलंस. मुलींची नावं नाही लिहिलीस.

मला दोघींची माहीत आहेत. धाकटी रोज दाराशी रस्सा ठेवून जायची. मी आईला सांगायला लागले तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, तू सांगू नको. तिला त्यांच्या दारात जाऊन विचारू दे, आणि मग मला कळवू दे.

रेजिना